मौनीकाकांचा जांभळा गाऊन

मौनीकाकांनी जांभळा गाऊन घातला, याबद्दल इमारतीत आजही दोन मतं आहेत. पहिलं मत, त्यांचं डोकं फिरलं होतं. दुसरं मत, डोकं आधीपासूनच फिरलेलं होतं, गाऊन तेवढा नंतर आला. मूळ प्रकरण काय होतं हे मात्र कोणी विचारत नाही, कारण ते कळलं की हसण्यातली मजा जाते. म्हणून ते इथे एकदाचं सांगून टाकलेलं बरं.

काका पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर एक शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर दुसरा. या कामात तोंड उघडायला फारसा वाव नसतो आणि काकांनाही त्याची हौस नव्हती. बढती हुकली, ते बोलले नाहीत. त्यांच्या पार्किंगच्या जागेत इमारतीच्या अध्यक्षांनी स्वतःची दुसरी गाडी आणून उभी केली, तरी बोलले नाहीत. ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, आठ दिवसांसाठी म्हणून राहायला आली आणि मागाहून तिची शिवणयंत्रासकट सगळी गाठोडी आली, तेव्हाही त्यांनी मुकाट्याने कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला. इमारतीने त्यांचं नाव मौनीकाका ठेवलं, त्यावरही ते काही बोलले नाहीत.

अशा माणसाने पक्षी आणला. त्याचं झालं असं, की टाकून दिलेल्या पाळीव पक्ष्यांच्या केंद्राचं एक पत्र चुकून पाणीपुरवठ्याच्या टपालात आलं. दुसऱ्या कुणी ते कोपऱ्यात भिरकावलं असतं. काकांनी चुकीचं आलेलं टपाल कधी आयुष्यात भिरकावलं नाही. संध्याकाळी ते स्वतः पत्र पोचवायला गेले, आणि तिथे एका पिंजऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलेला एक कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, त्यांनी पाहिला. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर शेंदरी ठिपका आणि छातीवर पिसंच नाहीत. ती त्याने स्वतःच उपटली होती. दोन घरांनी त्याला नेलं होतं आणि दोन्ही घरांनी परत आणून ठेवलं होतं. काका बराच वेळ त्या पाठमोऱ्या जिवाकडे बघत राहिले आणि मग केंद्राच्या बाईंना म्हणाले, "मी नेतो." वर्षभरात ते एवढं बोलल्याचं काकूंना आठवत नाही.

पक्षी आणायला इमारतीच्या समितीची परवानगी लागत होती. काका, काकू आणि त्यांच्यामागून ताई अशी वरात अध्यक्षांकडे गेली.

"नियमात कुत्रा आहे, मांजर आहे," अध्यक्ष चष्मा कपाळावर चढवून म्हणाले. "पक्षी नाही."

"म्हणजे बंदी नाही," काकू म्हणाल्या.

"परवानगीसुद्धा नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

"तो कुत्र्यात बसतो की मांजरात, हे आधी ठरायला हवं."

काका नुसते उभे राहिले. समोरच्या माणसाला घाम फुटेपर्यंत नुसतं उभं राहणं ही त्यांची एकमेव कला होती. शेवटी अध्यक्षांनी पक्ष्याला तात्पुरता मांजरात घातला आणि वर अट टाकली, की तो दिसता कामा नये आणि त्याचा आवाज येता कामा नये. काकांनी मान डोलावली. असला पक्षी पेंढा भरूनच आणावा लागला असता, हे त्यांच्या मनात आलं, पण ते मनातच राहिलं.

केंद्राच्या बाईंनी, म्हणजे पक्षीबाईंनी, पिंजऱ्याबरोबर दाण्यांची पिशवी दिली आणि एक कापडाचं बोचकं हातात ठेवलं. "हे मात्र सांभाळून ठेवा हं, कारण हा त्या..." एवढं त्या म्हणाल्या आणि त्याच क्षणी पक्ष्याने जी किंकाळी फोडली, तिच्यात पुढचं सगळं वाहून गेलं. काकांनी पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारण्याची त्यांना सवयच नव्हती.

बोचक्यात निघाला एक ढगळ बायकी गाऊन, जांभळ्या रंगाचा, त्यावर ताटाएवढी पिवळी फुलं. ताईंनी तो उजेडात धरला, दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाल्या, "सुती आहे. किती छान पाणी शोषेल." ताईंच्या हाती कात्री लागली की घरातला कुठलाही जुना कपडा सुरक्षित नसतो. तासाभरात त्या गाऊनची उत्तम फडकी झाली. घरात ठेवून जास्तीची उरली, तेव्हा नव्या शेजाराशी घसट वाढावी म्हणून त्यांनी ती इमारतभर वाटली. समोरच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना एक, वरच्या कंपाउंडरना एक, पहारेकऱ्याला एक, आणि सर्वांत मोठं, पाठीच्या भागाचं, अध्यक्षांना.

पक्ष्याचं नावही ताईंनीच ठेवलं. दिलेलं खात नाही, कोणी जवळ गेलं की तुरा उभारतो आणि प्रत्येक गोष्टीला हरकत घेतो, म्हणून त्याला साहेब म्हणायचं ठरलं.

आता साहेबांचा विश्वास मिळवायचा होता. पक्षीबाईंची सूचना अशी होती, की टक लावून बघायचं नाही, हालचाल करायची नाही, आवाज करायचा नाही, पिंजऱ्याजवळ नुसतं तिरकं बसायचं. काकू म्हणाल्या, "हे काम तुमच्यासाठीच जन्माला आलंय." खरोखरच तसं वाटत होतं. काका कार्यालयातून आले की शर्ट-पँटवरच पिंजऱ्याशेजारी बसत, तिरके, निश्चल, निःशब्द. आणि साहेब पिंजऱ्याच्या दूरच्या टोकाला चिकटून फिस्कारत, आणि काकांची पाठ वळली की छातीवरचं उरलंसुरलं पीस उपटत. गप्प बसण्यात आपल्याला कोणी नापास करेल, असं काकांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांना ते फार लागलं.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. कंपाउंडर निवृत्त झाले असले तरी त्यांची औषधं निवृत्त झाली नव्हती. ते म्हणाले, पोटात थेंब घाला. गाणाऱ्या बाई म्हणाल्या, तो सकाळी माझ्या रियाजाच्या वेळी ओरडतो त्याचं मला काही नाही, पण ओरडतो तो किंचित उतरलेला लागतो आणि माझ्या शिष्या तोच सूर धरून बसतात. अध्यक्ष म्हणाले, परवानगी मांजराची दिलेली आहे, मांजर असं किंचाळत नाही.

रविवारी पक्षीबाई तपासणीला आल्या. त्यांनी साहेबांना छोट्या काट्यावर ठेवलं आणि त्यांचा चेहरा पडला. वजन घटलं होतं. "पुढच्या रविवारी मी पुन्हा येईन," त्या म्हणाल्या. "तोवर हा तुमच्या हातावर आला नाही, तर मला त्याला न्यावंच लागेल. आणि तिसऱ्या घरातून परत आलेला पक्षी आम्ही चौथ्या घरात देत नाही. मागच्या खोलीत ठेवतो. तिथून कोणी पुढे येत नाही."

काकांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. ठिपका असलेला गाल भिंतीकडेच होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या भरवशावर उपाशी मरायला टेकलं होतं.

एवढ्यात काकू पाहुण्यांसाठी खुर्ची पुसायला आल्या. काकू काहीही पुसताना तोंडाने पुटपुटत असतात, आणि त्या पुटपुटण्याचा विषय अलीकडे ताई हाच होता. "आठ दिवस म्हणे, आठ दिवस, शिवणयंत्र काय आठ दिवसांसाठी आणतात," असं चाललं होतं, आणि साहेब दांडीवरून तिरके तिरके सरकत, तुरा खाली करून, थेट काकूंच्या बाजूला येऊन बसले. सगळे थिजले. सल्ला द्यायला आलेले कंपाउंडर सर्वांत आधी भानावर आले.

"फडकं," ते म्हणाले. "त्याने फडकं ओळखलं."

पक्षीबाईंनी काकूंच्या हातातलं फडकं पाहिलं आणि त्यांचा रंग उतरला. "हा त्या आजींचा गाऊन आहे. ज्यांनी याला लहानाचा मोठा केला, त्यांचा. आजी गेल्या. म्हणूनच तर जपून ठेवा म्हटलं होतं."

ताई आत निघून गेल्या. थोड्या वेळाने आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि मग त्यांचा आवाज आला, "फडकी गोळा करून आणा. मी जोडून देते."

गाऊन कोणी घालायचा, हा प्रश्नच होता. काकांनी आशेने काकूंकडे पाहिलं. "मी घातला तर तो माझा होईल," काकू म्हणाल्या. "तुम्हाला तुमचा हवाय ना?" काकांनी नुसती मान हलवली.

आणि मौनीकाका फडकी मागत दारोदार फिरले. दिलेली भेट परत मागायला जो कोडगेपणा लागतो, तो त्यांच्या सात पिढ्यांत नव्हता. गाणाऱ्या बाईंनी फडकं पेटीवर घातलं होतं. ते काढताना त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, प्रेमाने दिलंय." कंपाउंडरनी गुडघ्याला गुंडाळलं होतं. सोडताना त्यांनी असा चेहरा केला, की काकांना पाय तोडून नेल्यासारखं वाटलं. पहारेकऱ्याने जिना पुसत असतानाच बादलीतून काढून, पिळून, निथळतं फडकं त्यांच्या हातावर ठेवलं. अध्यक्षांनी मात्र दिलं नाही. त्यांची दुसरी गाडी, तीच काकांच्या जागेतली, त्या फडक्याने आरशासारखी चमकत होती.

"भेट एकदा समितीकडे आली की समितीची मालमत्ता," ते म्हणाले. "परत हवी तर अर्ज करा. बैठकीत ठेवू."

बैठक पुढच्या महिन्यात होती. काका अर्ज न करताच वर आले. ताईंनी पाठीच्या जागी एका निळ्या उशीचा अभ्रा जोडला आणि गाऊन उभा राहिला. त्याला जिन्याचा, गुडघ्याच्या मलमाचा आणि फिनेलचा एकत्र वास येत होता.

सोमवारी संध्याकाळी काकांनी खोलीचं दार लावलं, शर्ट-पँट काढली, गाऊन घातला आणि पिंजऱ्याशेजारी तिरके बसले. साहेब फिस्कारले. काका निश्चल राहिले. मग ते जरा मागे टेकले, आणि अभ्र्याच्या शिवणीत ताईंची विसरलेली टाचणी बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये, हात पोचणार नाही अशा जागी, रुतली.

"आई गं," काका म्हणाले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. अंगावर जे होतं त्यात बाहेर जाऊन टाचणी काढून घेण्याची हिंमत नव्हती. "ही ताई," ते साहेबांना म्हणाले. "लहानपणापासून हेच. माझ्या अंगावर कपडा ठेवून कापायची. सदऱ्याबरोबर एकदा कानही कापला होता. मी काही बोललो नाही." साहेबांनी मान वाकडी केली. "आणि बढतीचं तर विचारूच नकोस. माझ्यामागून आलेला पोरगा पुढे गेला. शिक्का उलटा मारतो तो. उलटा. अजून मारतो."

साहेब एक पाऊल सरकले.

काकांना वाटलं, गाऊन लागू पडला. त्यांचं बोलणं आपलं टाचणीमुळे चाललं होतं, ते थांबायचं नाव घेईना. दुसऱ्या दिवशी टाचणी काढली गेली होती तरी बोलणं आलंच. एकदा तो गाऊन अंगावर चढला, की जे बोलतंय ते आपण नव्हे अशी त्यांची समजूत झाली होती, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर सगळं बोलून घेण्यात मोठं सुख असतं. दाराबाहेर काकू आणि ताई कान लावून उभ्या राहायच्या. "अहो, हे बोलतायत," काकू म्हणायच्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ताईंनी त्यात वारंवार स्वतःचं नाव ऐकलं आणि कान लावायचं सोडून दिलं.

साहेब दाणे खाऊ लागले. आधी काकांचं लक्ष नसताना, मग लक्ष असताना, मग त्यांच्या तळहातावरून. छातीवर कापसासारखी कोवळी लव आली. शुक्रवारी ते पिंजऱ्याच्या दारातून बाहेर आले, गाऊनच्या पिवळ्या फुलावरून चढत खांद्यावर जाऊन बसले आणि त्यांनी काकांच्या कानाच्या पाळीला हळूच चोच लावली. कार्यालयातल्या पाणीगळतीच्या एका जुन्या तक्रारीबद्दल काका बोलत होते, ते तसेच बोलत राहिले.

त्याच भरात दाराची घंटा वाजली आणि काकांनी जाऊन दार उघडलं. बाहेर सिलिंडरवाला होता. त्याने आधी गाऊनकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या पक्ष्याकडे, मग मिशांकडे, आणि सिलिंडर बाहेरच ठेवून तो निघून गेला. तासाभरात इमारतीला कळलं. त्यानंतर जिन्यात काका दिसले की लोक भिंतीकडे वळून खोकायला लागले. कोणीतरी सूचनाफलकावर गाऊनचं चित्र काढून त्याला मिशा काढल्या. त्याखाली अध्यक्षांनी स्वतःच्या सहीने सभ्य पोशाखाविषयी निवेदन लावलं आणि चित्र मात्र काढायला ते विसरले.

काकांनी ते चित्र पाहिलं. नेहमीचे काका असते तर त्यांनी महिनाभर मागचा जिना वापरला असता. पण आठवडाभर बोलण्याची सवय वाईट असते. शनिवारी सकाळी ते गाऊन घालून पुढच्या जिन्याने खाली उतरले, फाटकापर्यंत गेले, तिथे उभं राहून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि तितक्याच सावकाश वर आले. साहेब घरात झोपलेले होते. खाली जायला कारण काहीही नव्हतं. खाली गाडी चमकवत बसलेल्या अध्यक्षांना तेवढं नीट दिसावं, एवढंच.

रविवार उजाडला. पक्षीबाई आल्या. पाठोपाठ निवेदनाची प्रत घेऊन अध्यक्ष आले, आणि साक्षीला म्हणून कंपाउंडर. काका गाऊनमध्ये तयारच होते.

"वजन वाढलंय," पक्षीबाई म्हणाल्या, आणि काटा बाजूला ठेवला. "पण आता हा गाऊन काढा. तुम्ही काय जन्मभर गाऊन घालून राहणार?"

"हो," काका म्हणाले.

"तसं नाही चालत हो. त्याचा विश्वास कापडावर बसून काय उपयोग? माणसावर बसायला हवा."

काका आत जाऊन शर्ट-पँट घालून आले. पिंजऱ्याशेजारी बसले, तिरके, निश्चल, निःशब्द, अगदी पूर्वीसारखे. साहेबांनी तुरा उभारला, फिस्कारले आणि दूरच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड केलं. अध्यक्षांनी खाकरून घेतलं.

मग पक्षीबाईंनी स्वतः तो गाऊन साडीवरूनच चढवला आणि काही न बोलता पिंजऱ्यात बोट घातलं. साहेबांनी ते कडकडून चावलं. कंपाउंडर पुटपुटले, "म्हणजे गाऊनसुद्धा नाही?" त्यांच्या निदानाची ही पहिलीच चूक नव्हती, पण सर्वांसमोर झालेली पहिलीच होती.

पक्षीबाईंनी बोट झटकलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "याचा आता कशावरच विश्वास राहिलेला नाही. तुमचा काही दोष नाही. मी घेऊन जाते याला." आणि त्यांनी पिंजऱ्याच्या दाराकडे हात नेला.

"थांबा," काका म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते आणि त्यांचा हात पिंजऱ्यावर होता. "घेऊन जाते म्हणजे काय? तो काय परत पाठवायचं टपाल आहे? मी फडकी मागत फिरलो. बादलीतलं फडकं घेतलं हातात. माझ्या मिशांचं चित्र लागलंय खाली. आणि तुम्ही मला सांगताय, विश्वास नाही? नसू दे. न्यायचाच असेल तर त्या मागच्या खोलीत माझीही खुर्ची टाका. मी रजा काढून येतो. पुष्कळ रजा आहे माझी, कधी घेतलीच नाही, कारण मागितलीच नाही. काही मागितलंच नाही मी कधी. याला पहिल्यांदा मागतोय. याला मी देणार नाही."

काकूंनी हळूच पदराने खूण केली. काका थांबले. साहेब पिंजऱ्यातून बाहेर आले होते. पक्षीबाईंच्या जांभळ्या बाहीला वळसा घालून ते काकांच्या मनगटावर, तिथून शर्टाच्या बाहीवर आले होते आणि आता कोपरापाशी एक पाय उचलून उभे होते. खोलीत शांतता झाली. त्यांचा तुरा वर आला. ते एक पाऊल मागे सरकले.

"अहो, बोलत राहा," काकू म्हणाल्या.

काकांना आता कळलं. काकूंचं खुर्ची पुसणं कळलं, टाचणी कळली, त्या आजी दिवसभर कशा पुटपुटत असतील तेही कळलं. गाऊनची काहीच गरज नव्हती. तो सगळा अपमान फुकट गेला होता. पण त्याचं दुःख करायला वेळ नव्हता, कारण गप्प राहण्याची सोय उरली नव्हती.

"तर अध्यक्ष," ते त्याच लयीत, खालच्या आवाजात म्हणाले, "तुमची गाडी माझ्या जागेत आहे. ती आजच्या आज हलवा. माझ्याच फडक्याने माझ्याच जागेत तुमची गाडी पुसता, आणि सभ्यतेचं निवेदन मला देता." साहेब कोपरावरून दंडावर आले. "कंपाउंडर, तुमच्या थेंबांनी आमच्या मांजरालासुद्धा गुण आला नसता. ताई, तू राहा, पण मला न विचारता काही कापू नकोस. आणि उशीचा अभ्रा परत शिव." मग काकूंना, "अगं, तू सुद्धा जे काय असेल ते तिला तोंडावर सांग, खुर्चीला सांगू नकोस." काकूंनी ताईंकडे पाहिलं, ताईंनी काकूंकडे. साहेब खांद्यावर पोचले. काकांजवळ आता इमारतीतली माणसं संपली, म्हणून त्यांनी कार्यालय घेतलं, उलटा शिक्का घेतला, हुकलेली बढती घेतली. बोलता बोलता साहेबांचा तुरा पाठीवर आडवा झाला आणि ते झोपेला टेकलेल्या पक्ष्यासारखी चोच घासू लागले, बारीक, करकर आवाजात. पक्षीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवून सांगितलं, राहू दे, हा तुमचाच.

तरीही काका थांबले नाहीत. सगळ्या तक्रारी संपल्यावर एकच गोष्ट उरली होती, ती त्यांनी खांद्याकडे न बघता सांगितली. "आणि तू. तुला कोणी कुठे नेणार नाही. मी आहे."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "हे किती वेळ चालणार आहे?"

"चालणारच आहे," काका म्हणाले. खांद्यावरच्या जिवाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी आवाज जराही चढवला नाही. "ऐकायचं असेल तर बसा. नसेल तर जाताना दार हळू लावा. त्याचा आत्ताच डोळा लागलाय."